डाव्या कानाचे मणी

लेकीच्या शाळेआधीच्या तपासणीचं पत्र आलं, ते मी दारातच उभ्या उभ्या तीनदा वाचलं आणि माझी पाचावर धारण बसली. स्टुटगार्टमध्ये सहा वर्षं काढली, पण सरकारी लिफाफा आला की अजून एका वाचनात भागत नाही. इथे गेझुंडहाइट्सआम्टमध्ये, म्हणजे आरोग्य खात्याच्या कचेरीत, पाच वर्षांच्या मुलांचे डोळे, कान, बोलणं, एका पायावरच्या उड्या, सगळं तपासतात. आमच्या मराठी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, "नाही जमलं तर एक वर्ष मागे ठेवतात हं." झालं! त्या एका 'हं'ने माझी झोप उडाली.

मी पुण्याची. शाळाप्रवेशाच्या मुलाखतीसाठी साडेतीन वर्षांच्या पोरांना घोटून तयार करणारं गाव ते. मग मी काय गप्प बसणार? रोज संध्याकाळी तासभर सराव. माणूस काढ, वीसपर्यंत मोज, एका पायावर उभी राहा. कान कसे तपासतात ते एका व्हिडिओत पाहिलं आणि नवऱ्याचे हेडफोन तिच्या डोक्यावर चढवले. मी फोनवरून बारीक 'टिंग' वाजवायचे, तिने लाकडी मणी डब्यात टाकायचा. विसरली की मी डोळे मोठे करायचे. आठवड्यात पोरगी तरबेज झाली. नवरा म्हणाला, "अगं, तपासणी आहे ती, आयआयटीची परीक्षा नाही." मी म्हटलं, "तू बोलूच नकोस. मागे राहिली तर तू निस्तरणार आहेस का?"

हे सगळं करण्यामागे आणखी एक भीती होती. पोरीला हाक मारली की ती ढिम्म हलायची नाही. उत्तर दिलंच तर जर्मनमध्ये. बालवाडीतल्या बाई म्हणायच्या, जरा स्वप्नाळू आहे. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणायच्या, "जर्मन झाली गं ती. आपलं बोलणं कानावरच घेत नाही." ते मला फार लागायचं. "अहो आई, लहान आहे ती," असं त्यांना सांगायचे आणि फोन ठेवला की पोरीवर खेकसायचे, "कानात बोळे घातलेस का गं? नुसतं पालथ्या घड्यावर पाणी!" त्यात तिचा एक हट्ट. जेवायला माझ्या डाव्या हातालाच बसायचं. तिथे बाबा बसला असेल तर त्याला ढकलून उठवायची. लाडावून ठेवलीय, असं मी म्हणायचे.

तपासणीच्या दिवशी डोळे झाले, उड्या झाल्या, वीसपर्यंत मोजून झालं. मी जरा सैल झाले. मग हेडफोन आले. तपासणाऱ्या बाई बटण दाबायच्या, ते त्यांच्या मागे बसून मला दिसत होतं. लेक त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा माझी मान नकळत हलली. दुसऱ्यांदा नकळत नव्हती. तिने मणी टाकला.

बाईंनी मागे वळून पाहिलं. रागावल्या नाहीत. "आल्झो," म्हणजे 'बरं तर', म्हणाल्या, "तुम्ही खुर्ची भिंतीकडे फिरवता का?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. वर्गात शिक्षा झालेल्या पोरीसारखी भिंतीकडे तोंड करून बसले. समोर एक जुना फोटो होता, शंभर वर्षांपूर्वीचा तरी असेल. जाड मोजे घातलेली शाळेतली मुलं रांगेत उभी आणि एक डॉक्टर वाकून पहिल्या मुलीच्या कानात बघतोय. रांगेत एकाही मुलाची आई नव्हती.

उजवा कान सुरू झाला. टक. टक. टक. मणी डब्यात पडत होते आणि मी देवाचं नाव घेत होते. मग बाई म्हणाल्या, "आता दुसरा." बटणाचा आवाज आला. मणी नाही. पुन्हा बटण. पुन्हा काही नाही. टाक गं बाई, टाक, मी मनात म्हणत राहिले. बऱ्याच वेळाने एक मणी पडला, आणि त्यानंतर पुन्हा सगळं शांत.

डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी कानात बघितलं. डाव्या पडद्यामागे पाणी साठलंय, म्हणाल्या, बहुतेक बऱ्याच महिन्यांपासून. कानाच्या डॉक्टरांना लगेच दाखवा, बरं होण्यासारखं आहे. आणि मी काय विचारावं? "म्हणजे शाळेत मागे ठेवणार का?" त्यांनी कानाच्या डॉक्टरांसाठीची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. "ते नंतर बघू," म्हणाल्या. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

घरी जाताना एस-बानमध्ये, इथल्या लोकलमध्ये, मी बसले. लेक माझ्या उजवीकडे बसली, लगेच उठली आणि माझ्या गुडघ्यांवरून चढून डावीकडे आली. एरवी मी ओरडले असते. त्या दिवशी मुकाट्याने सरकले. तिचा उजवा कान आता माझ्या बाजूला होता. किती महिने ती अशी जागा शोधत होती आणि मी तिला हट्टी म्हणत होते!

"बाळा," मी तिला जवळ घेऊन विचारलं, "त्या कानाने ऐकू येत नाही, हे आईला सांगितलं का नाहीस?"

तिने नवलाने माझ्या दोन्ही कानांकडे पाहिलं.

"तुला दोन्ही कानांनी ऐकू येतं?" तिने विचारलं. मराठीत.