नांदेडात बसून वाचलेलं तेल

तेलाच्या धंद्यातल्या माणसाकडं किस्से न मागता साचतात. त्यातून आमचं ऑफिस नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्यावर! तेलविहिरी आखातात. तिथल्या तेलाचे लॅब रिपोर्ट आमच्याकडं येतात आणि ते वाचून तेल-वायू वेगळे करायची टाकी केवढी, पाइप केवढे, हे आम्ही ठरवतो. आम्ही तिघंच: लातूरचे देशमुख सर, लोह्याची वैशाली कांबळे आणि मी. इथं जमिनीत तेल नाही, हे लोकांना पटवण्यातच आमचं निम्मं आयुष्य चाललंय.

*

अर्धापूरचे मारोतराव केळीवाले एकदा बाटली घेऊन आले. बोअरच्या पाण्यावर रंगीत तवंग. "सर, कुणाला सांगू नका, पण शेतात तेल लागून राहिलंय."

सरांनी बाटली उजेडात धरली, वास घेतला, कधीपासून येतंय ते विचारलं. मलाही क्षणभर वाटलं, असेल की काय! शेवटी सर म्हणाले, "मारोतराव, तेल खरंच हाय. तुमच्या बोअरातल्या मोटारीचं. आजच वर काढा, न्हाई तर जळंल."

मारोतराव लगबगीनं निघाले. बाटली मात्र परत घेऊन गेले.

*

रिपोर्टात हलके वायू एकेका ओळीत, नावानिशी. जड घटक मात्र सगळे शेवटच्या एकाच ओळीत कोंबलेले. मी नवा होतो, विचारलं, असं का? सर म्हणाले, लग्नपत्रिकेत मोठ्यांची नावं छापतात आणि खाली लिहितात 'समस्त भावकी', तसं.

"आन् मांडवात रुसतं कोण?" सरांनीच पुढं विचारलं.

खरंच, गार पडलं की मेण होऊन पाइप अडवतात ते त्याच ओळीतले.

*

वैशालीची आई लोह्यात अभिमानानं सांगते, पोरगी तेलाचे रिपोर्ट वाचते. मग काय, शेजारचे काका कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट घेऊन हजर! डॉक्टरकडं जा म्हणून तिनं परोपरीनं सांगितलं. काका हलेनात.

"ते ऱ्हाऊ दे. एवढंच सांग, भजे चालतेत का?"

*

आणि हा गेल्या उन्हाळ्यातला. ऑफिसचं सगळ्यात मोठं काम हातात होतं. ते गेलं असतं तर वैशालीला ठेवणं सरांना जमलं नसतं, आणि हे तिलाही माहीत होतं. तरी ती अडून बसली, लॅबला गेलेला तेलाचा नमुनाच चुकलाय. रिपोर्टाप्रमाणं बाटलीतल्या तेलातून वायू सुटायचा दाब जमिनीखालच्या दाबापेक्षा जास्त निघत होता. म्हणजे जमिनीखाली तेलात मुरू शकतो त्याहून जास्त वायू बाटलीत शिरलेला. त्यावर टाकी बांधली असती तर ती भलत्याच मापाची झाली असती.

व्हिडिओ मीटिंगमध्ये काम देणाऱ्या कंपनीचे आखातातले मुख्य साहेब, मूळचे नागपूरचे, भडकले. पुन्हा नमुना घ्यायचा म्हणजे सगळं काम लांबणार. हाच रिपोर्ट धरा, नाहीतर काम दुसरीकडं देतो, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. मग वैशालीला म्हणाले, "मॅडम, तुम्ही तेलविहीर कधी पाहिलीय का?"

सरांचा चेहरा उतरला.

"नाही सर," वैशाली म्हणाली, "म्हणून तर विचारते. घाईत विहीर जोरात वाहू दिली की असा वायू जास्त येतो. हा नमुना घेताना तिथं कोण होतं?"

मग साहेबांनी आपला कॅमेरा बंद केला.

"मीच," आवाज आला.