टिनातला बटाटा

बटाट्याच्या बाजाराची पाहणी करायला निघालं की माहिती मिळत नाही, किस्से मात्र साचत जातात. आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या ऑफिसात दुसरं काही जमलंच नाही.

देश नुकताच स्वतंत्र झाला होता. एका विलायती कंपनीला इथला बटाटा वाळवून टिनात भरून विकायचा होता. त्याआधी चौकशी करायला मुंबईहून जोगळेकर आले होते आणि हाताखाली मी. इंग्रजी दुसरीत शाळा सुटलेली, मामांच्या दुकानात पुड्या बांधत होतो. जोगळेकर म्हणाले होते, "कारखाना निघाला तर तू कायम. नाही निघाला तर पुन्हा पुड्या."

*

रहिमतपूरला एक शेतकरी पोत्यावर बसला होता. जोगळेकरांनी विचारलं, "बटाटा किती होतो?"

"आमी लावतच न्हाई."

"मग बसलाय कशावर?"

तो उठला, पोत्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पावण्याचं हाय."

आम्ही सरकारी लेव्हीचा सक्तीचा माल वसूल करायला आलोय, अशी गावाची समजूत होती. पुढच्या खेपेला आम्ही फुकट बेणं वाटणार अशी आवई उठली. मग त्याच गावात एवढा बटाटा निघाला की तेवढी जमीनही गावाला नव्हती.

जोगळेकरांनी मला विचारलं, "कुठला आकडा लिहू?" माझी नोकरी त्या आकड्यावर होती.

*

सांगलीत एका घरी विचारलं, "आठवड्याला बटाटे किती लागतात?"

बाई म्हणाल्या, "कोण किती खातं ते सांगू नये. पोरांना दृष्ट लागते. आधी तुमच्या घरचं सांगा बघू."

जोगळेकरांनी भाबडेपणानं सांगितलं. त्या संध्याकाळी बिऱ्हाडी पोचताच त्यांनी पोरांवरून मीठमोहऱ्या उतरवायला लावल्या. तो प्रश्न नंतर विचारलाच नाही.

*

टिनातल्या बटाट्याची चव माहीत असलेला एकच माणूस भेटला. लढाईवरून परतलेला हवालदार. मला फार आशा वाटली.

"लय खाल्ला," तो म्हणाला. "इटलीत त्याच्यावरच जगलो."

"मग इथं विकत घ्याल?"

"आवं, आता लढाई संपली न्हवं?"

*

शेवटी विलायतेहून साहेब आले. बाजार बघून त्याच दिवशी निकाल द्यायचा होता. सांगलीच्या अडत्यांत भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली जितकी बोटं धरली तितका भाव आणि हात दाबला की सौदा पक्का. जोगळेकर हे समजावणार, तोच साहेब दलालापाशी पोचले आणि त्यांनी भाव विचारला.

दलालानं रुमाल पुढं केला. साहेबांनी हसून खाली हात घातला आणि दलालाचा पंजा चांगला घट्ट दाबून खालीवर हलवला.

मोटारीत बसताना ते जोगळेकरांना इंग्रजीत काही म्हणाले आणि धुरळा उडवत पुण्याकडं गेले. जोगळेकरांनी मला मराठीत सांगितलं, "माणसं फार प्रेमळ आहेत म्हणाले. पण भाव विचारला तर कुणी बोलत नाही, अशा देशात धंदा कसा करायचा? ऑफिस बंद."

मी तिथंच उभा होतो. दलाल रुमाल खांद्यावर टाकत आला.

"गड्या, तुझा सायेब लय दिलदार. पडत्या बाजारात पाची बोटांचा भाव दिला. गाड्या कुठं सोडू?"

मी म्हणालो, "कंपनी येणार नाही. साहेब गेले."

दलालानं आपल्या हाताकडं बघितलं.

"मग एवढा दाबला कशाला रं?"