गोबरगॅसचं विरजण

भांडगावात, पुणे-सोलापूर रस्त्यापासून थोडं आत, माझ्या चुलत्यांचा मळा आहे. तिथं गोठ्याच्या मागं गोबरगॅस होता. त्याला काटा नव्हता, मीटर नव्हतं. विटांच्या गोल विहिरीत पाण्यात कालवलेल्या शेणाचा काला भरलेला आणि त्यावर एक लोखंडी टाकी पालथी तरंगत असे. गॅस साठला की टाकी वर येई, स्वयंपाक झाला की खाली बसे. घरातला प्रत्येक माणूस जाता-येता तिकडे बघे. ‘टाकी वर हाय’ म्हणजे चहा मागायला हरकत नाही. ‘टाकी बसली’ म्हणजे पाहुण्यांची ताकावर बोळवण.

ती टाकी आता भंगारात गेली. विहीर मुरमानं बुजवली आणि तिच्यावर शेवगा लावला. सिलिंडर घरोघरी आले. गोबरगॅसला कुजक्या अंड्यासारखा किंचित वास असे, काडी लावली की तो जाई. माझ्या सुट्ट्यांतल्या सकाळी त्या वासानं सुरू होत. आज तो वास कुठं आलाच, तर लोक गळती समजून धावतील.

तो गॅस शेणातले जिवाणू करत. गाईच्या पोटात जे चालतं तेच त्या विहिरीत चाले. त्यांची एक फळी चोथा मोडून त्याचं आम्ल करते, दुसरी फळी त्या आम्लावर जगते आणि जळणारा वायू सोडते. पहिली फळी दणकट, कशातही तग धरणारी. दुसरी नाजूक. तिला हवा सोसत नाही, थंडीत ती मंदावते, आंबटपणा वाढला की काम सोडते. शास्त्रज्ञ या दुसऱ्या फळीला आता जिवाणूंत धरत नाहीत, शेजारचं वेगळं घराणं मानतात. मळ्यावर असा भेद नव्हता. चुलती सगळ्यांना मिळून ‘आतली जित्राबं’ म्हणे. बाहेरच्या जित्राबांना वैरण आणि आतल्यांना शेण, असं तिचं सकाळचं काम ठरलेलं. काल्यात हात घालून ती गाठी फोडी आणि सांगे, “कोमट हाय. खुशीत हायती.”

गोबरगॅस बांधला होता तो तिच्यासाठीच. तिला दमा होता आणि तो चुलीच्या धुरानं उठे. दौंडच्या डॉक्टरांनी ओढायचा पंप लिहून दिला आणि वर सांगितलं की धुरापुढं बसणं थांबलं नाही तर पंपाचा उपयोग नाही. तेव्हा सिलिंडरसाठी नाव नोंदवलेलं होतं, नंबर लागायचा होता. निळ्या ज्योतीवर स्वयंपाक सुरू झाल्यापासून ती भाकरी थापता थापता बोलू लागली. त्याआधी एका वेळी एकच गोष्ट होई, थापणं नाहीतर श्वास घेणं.

तिचा मुलगा, माझा चुलतभाऊ, कुरकुंभला औषधाच्या कारखान्यात होता. इंजेक्शनच्या बाटल्या भरतात त्या खोलीत त्याचं काम. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, हातमोजे, तोंडाला पट्टी. त्या खोलीत एकही जिवाणू शिरू नये, ही त्याची नोकरी होती. पाळी संपवून फाट्यावर कंपनीच्या बसमधून उतरला तरी ती नोकरी त्याच्या अंगातून उतरत नसे. घरी आला की कोपरापर्यंत हात धुई आणि दुसऱ्यांनाही धुवायला लावी. आबा, म्हणजे आमचे आजोबा, त्याला बघून म्हणत, “आलं बगा आमचं सोवळं. सरका, शिवू नका.”

एका हिवाळ्याच्या तोंडाला मोठ्या गाईची कास सुजली. दुधात गुठळ्या येऊ लागल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, गोठा स्वच्छ ठेवायला सांगितलं आणि ते गेले. स्वच्छतेचं काम चुलतभावानं अंगावर घेतलं. दौंडच्या बाजारातून त्यानं फिनेलचा कॅन आणला. पाळीला जाताना एकदा आणि आल्यावर एकदा तो गोठ्याची फरशी खराट्यानं घासून फिनेलच्या पाण्यानं धुई. पाणी पांढरं होऊन उतारानं वाहत जाई. हा उतार मुद्दाम काढलेला होता. शेण-मूत वाया जाऊ नये म्हणून तो थेट गोबरगॅसच्या कुंडीत उतरवला होता.

गाय बरी झाली आणि टाकी बसली.

थंडीमुळं असेल म्हणून सगळ्यांनी थोडी वाट पाहिली. मग चुलतीनं शेण वाढवलं. टाकी हळूहळू वर आली तेव्हा घरात आनंद झाला. चुलतीनं परातीत पीठ घेतलं, शेगडीची चावी फिरवली, काडी ओढली. काडी विझली. दुसरी ओढली, तीही विझली. टाकीत वायू होता, पण तो जळणारा नव्हता. पहिली फळी काम करत होती आणि दुसरी गेली होती.

“रुसली,” चुलती म्हणाली. पीठ मळून झालं होतं, म्हणून परसात जुनी चूल मांडली गेली. आठवडाभरात तिचा आवाज बारीक झाला. ती उठून गोठ्यापर्यंत जाई आणि खांबाला धरून उभी राही.

उलगडा झाला तो कुरकुंभच्या कँटीनमध्ये. कारखान्याच्या प्रयोगशाळेत जिवाणूंची तपासणी करणारी एक बाई होती. चुलतभाऊ जेवताना तिच्याजवळ सहज बोलला. तिनं विचारलं, “दादा, गोठा कशानं धुता?”

“फिनेलनं. दोन टाइम.”

“आणि ते पाणी कुठं जातं?”

त्याचा हात ताटातच राहिला. ती हसली. “इथं जे करता तेच घरी केलंत की तुम्ही! तिथले जिवाणू तर कामाला ठेवलेले होते.”

इंजेक्शनमधलं औषधही शेणावाटे विहिरीत उतरलं असेल, असंही ती म्हणाली. दोन्हींतलं नेमकं काय नडलं हे कळायला मार्ग नव्हता. नमुना कोणी तपासला नाही. फिनेल आपल्या हातून पडलं होतं, म्हणून चुलतभावानं दोष फिनेलला दिला. उपाय तिनं सोपा सांगितला. विहीर उपसा, औषध न दिलेल्या जनावरांचं ताजं शेण भरा आणि चालू गोबरगॅसमधला काला आणून त्यात मिसळा, दुधाला विरजण लावावं तसा.

विरजण मागायला जाणं आमच्याकडे नवं नव्हतं. कोणाचं दही बिघडलं की वाटी घेऊन बाई शेजारी जाई आणि कोणी नाही म्हणत नसे. पण मागायची घरं ठरलेली असत. गावातले बाकीचे गोबरगॅस तोवर बंद पडले होते. चालू होता तो एकच, बौद्धवस्तीतला. तो दौंडला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेल्या गृहस्थांचा. गाव त्यांना मामा म्हणे. आमची वाटी त्यांच्या दारात कधी गेली नव्हती, आणि त्यांचीही आमच्या. शिवाय त्यांच्या गोबरगॅसला घरचा संडास जोडलेला होता.

चुलतभावानं परसात हे सांगितलं तेव्हा आबा बाजेवर बसले होते.

“संडासाचा गॅस? आन् त्याच्यावर भाकरी?”

“आबा, गॅस सगळा सारखाच असतो.”

“तुला सारखा. मला न्हाई. हात कोपरापतूर धुतोस आन् हे चालतं व्हय रं तुला?”

आबांनी संडासाचं कारण सांगितलं. दुसरं कारण ते बोलले नाहीत, पण परसातल्या प्रत्येकाला ते ऐकू आलं. चुलते विहिरीकडे बघत राहिले. चुलती चुलीपुढून उठली, खांबाला टेकली, श्वास जमवला आणि मुलाला म्हणाली, “जा. मी सांगितलंय म्हणून सांग.”

चुलतभावानं मला बरोबर घेतलं. मामा ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फिनेलचं नाव आलं तेव्हा चष्मा काढून मोठ्यानं हसले. मग विचारलं, “आबांनी पाठवलं?”

“आईनं.”

“आबांना ठावं हाय?”

“हाय. त्यांना न्हाई पटत.”

मामांनी पेपरची घडी घातली. “पायजे तेवढं न्या,” ते म्हणाले. “पण एक हाय. दिवसा न्यायचं आन् पेठेतल्या रस्त्यानं न्यायचं. वढ्याकडनं, झाकून न्हाई. कुणी विचारलं तर माझ्या घरचं म्हणून सांगायचं. कबूल असंल तर ट्रॅक्टर आणा.”

“कबूल.”

“आन् तुझ्या कुरकुंभची ती निळी पिंपं आणू नको. कशाकशाची असत्यात. येकदा जित्राबं मारलीस तेवढी बास.”

विहीर उपसायला दोन दिवस गेले. शेजारच्या वस्तीवरून ताजं शेण आणलं. मग पाण्याची स्वच्छ पिंपं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवून आम्ही बौद्धवस्तीत गेलो. मामांच्या सूनबाईंनी बादल्या दिल्या. त्या आणि मामांचा मुलगाही काला भरायला लागले. तो गडद हिरवा, पातळ आणि त्या थंडीतही कोमट होता. हवा लागू नये म्हणून पिंपं गळ्यापर्यंत भरली, झाकणं लावली, वर ओली पोती टाकली. मामा म्हणाले, “बाळंतिणीवानी न्या. हिसका नको.”

पेठेत चहाच्या हॉटेलापुढं नेहमीची मंडळी बसली होती. ट्रॉली थांबवावीच लागली.

“काय रं, कसली पिंपं?”

“विरजण हाय,” चुलतभाऊ म्हणाला.

“कुणाच्यातनं आणलं?”

त्यानं मामांचं घर सांगितलं. दोघं हसले. एकजण म्हणाला, “मंग आता तुमच्याकडं जेवायला यावं का न्हाई?”

“या की. हात धुऊन या.”

दुपारी काला ताज्या शेणात मिसळला. चुलतीनं मुठीनं चुलीची राख टाकली, आंबटपणा मरावा म्हणून. टाकी पुन्हा ठेवली. पुढचे काही आठवडे तिकडे बघण्यात गेले. पहिल्यांदा टाकी वर आली तेव्हा काडी विझली आणि तो वायू सोडून दिला. थंडी सरत आली तसं चुलती एका सकाळी काल्यात हात घालून आत गेली, चावी फिरवली, काडी लावली. ज्योत आधी फुरफुरली, पिवळी झाली, मग स्थिर आणि निळी. चुलतभाऊ पाळीवरून नुकताच आला होता. हात न धुताच तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

आबा आत आले नाहीत. त्यांनी बाहेरून सांगितलं, “माझी भाकरी चुलीवरची.”

चुलतीनं तवा चढवला. “आबा, चुलीवरची पायजे असंल तर चूल तुम्ही पेटवा. मला आता न्हाई व्हायचं.”

सासऱ्यापुढं ती इतकं पहिल्यांदाच बोलली होती. आबांनी खरंच चूल पेटवली. परसात, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ती मांडलेलीच होती. कपाशीच्या पऱ्हाट्या मोडल्या, फुंकणी घेतली, डोळे पुशीत पीठ थापलं. त्यांच्या भाकरीला कडा नसत. ती मधे कच्ची आणि भोवती कोळसा होई. आबा ती गुळाबरोबर खात आणि विचारलं तर ‘झकास’ म्हणत. चुलते त्यांना टाळत होते. चुलतभाऊ एकदा म्हणाला, “आबा, आता सोवळं तुमच्यात आलं,” आणि फुंकणी पाठीत बसण्याआधी पळाला.

हे काही दिवस चाललं. मग एका दुपारी वारा फिरला. आबांच्या ओल्या पऱ्हाट्यांचा धूर उचलला गेला आणि सगळा खिडकीतून आत शिरला. चुलती शेगडीपुढं होती. भाकरी तिच्या हातातून परातीत पडली. ती दोन्ही हात जमिनीला टेकून बसली आणि श्वासाची शिट्टी बाहेर परसात ऐकू येऊ लागली. पंप कोनाड्यात होता. मी तो शोधून दिला तेव्हा तिला तो धरता येत नव्हता, म्हणून मीच तो तिच्या तोंडाला लावला.

खिडकीतून आबा दिसत होते. ते उभे राहिले. त्यांनी आत पाहिलं, तिच्या पाठीकडे. मग शेजारची पाण्याची घागर उचलून चुलीत रिकामी केली. मोठी वाफ उठली, राख उडाली, लाकडं फुसफुसली. त्यांनी काठीनं चुलीचा एक दगड सरकवला, मग दुसरा.

तिचा श्वास परत यायला बराच वेळ लागला. आबा दारातून आत आले, पाट घेतला आणि शेगडीसमोर बसले. ज्योत चालूच होती. तव्यावर टाकायची भाकरी परातीत वाकडी पडली होती.

“वाढ,” आबा म्हणाले.

“आबा, गॅसवरची हाय.”

“दिसतंय मला.” मग थांबून म्हणाले, “घाई न्हाई. आदी दम खा.”

तिनं दम खाल्ला. मग ती वाकडी भाकरी मोडून गोळा केला आणि पुन्हा थापायला घेतली. आबा ताट पुढं ओढून तिचं थापणं ऐकत बसले.