विरजणाचा बॅकअप

एका विमा कंपनीचा सगळा डेटा एकाच दिवशी जळाला, बुडाला किंवा चोरीला गेला, तरी दुसऱ्या दिवशी ऑफिस सुरू व्हावं, याची व्यवस्था करण्याबद्दल यतीन सरवटेला पगार मिळत असे. महत्त्वाची कोणतीही गोष्ट एकाच ठिकाणी ठेवू नये, हे त्याचं तत्त्व होतं. त्याच्या लग्नाच्या फोटोंच्या सीड्या तीन वेगवेगळ्या राज्यांत होत्या. ज्या फोटोत त्याचे डोळे मिटलेले होते, तोही तिन्हीकडे सुरक्षित होता.

घरात या व्यवस्थेबाहेर एकच वस्तू राहिली होती, ती म्हणजे शैलजाचं विरजण. लग्नानंतर नागपूरहून येताना आईच्या हातचं दही तिने औषधाच्या बाटलीत भरून, स्वेटरमध्ये गुंडाळून आणलं होतं. तेव्हापासून अमेरिकेत, पार्सिपनीतल्या घरात त्याच विरजणाचं दही लागत आलं. थंडीत दही लागण्याची जागाही ठरलेली: बंद ओव्हन, आत नुसता दिवा चालू, आणि पातेल्याला जुना टॉवेल. दोन वर्षांपूर्वी आई गेल्या. तेव्हापासून शैलजा ओव्हनमध्ये जरा जास्तच वेळा डोकावायची.

२००६च्या फेब्रुवारीतल्या त्या रविवारी बर्फ इतका पडला, की गाडी कुठे आहे ते अँटेनावरून ओळखावं लागत होतं. मराठी शाळा कॅन्सल, हळदीकुंकू कॅन्सल. जेवून शैलजा वर झोपली होती. खंड्या नावाचा म्हातारा बीगल कुत्रा हीटरच्या जाळीवर पसरला होता आणि अधूनमधून, आपण जिवंत आहोत हे कळावं म्हणून, शेपूट हलवत होता.

"बाबा, आय ॲम हंग्री," दहा वर्षांची रुचा म्हणाली. "कॅन वी डू द फ्रोझन पिझ्झा?"

आई झोपलेली असताना मुलीला खाऊ घालणारा बाप व्हायची संधी यतीनने सोडली नाही. खोक्यावर लिहिल्याप्रमाणे त्याने ओव्हन चारशे डिग्रीवर तापायला लावला. सूचना वाचून काम करणारा माणूस होता तो. ओव्हन आधी उघडून बघा, असं खोक्यावर लिहिलेलं नव्हतं.

थोड्या वेळाने टॉवेलचा धूर आला, मग स्मोक अलार्म, मग खंड्या. शाल गुंडाळून शैलजा खाली आली तेव्हा यतीन पुठ्ठ्याने अलार्मला वारा घालत होता. पातेल्यात पिवळट गोळे आणि पाणी होतं.

"कालचं चमचाभर वाटीत ठेवलं होतं ना मी?" तिने विचारलं.

यतीनने खंड्याकडे पाहिलं. खंड्याने भिंतीकडे पाहिलं. सांधेदुखीची गोळी तो फक्त दहीभातातून घेत असे.

"सकाळची गोळी द्यायची होती," यतीन म्हणाला.

शैलजा रागावली नाही, हे लक्षण चांगलं नव्हतं. ती पातेलं घासायला लागली.

"रस्ते उघडले की इंडियन स्टोअरमधून आणतो. चांगलं मिळतं तिथे दही."

"आण," ती म्हणाली. "आई मिळते का, तेही बघ."

यतीन हळूच म्हणाला, "कोणाला दिलं असशील ना तू?"

"सगळ्यांना दिलं. नेत्रा रेडमंडला राहायला गेली. रीमा इंडियाला गेली तेव्हा तिचं वाया गेलं. समोर पद्मजाकाकूंकडे आहे, पण त्या पहाटे हर्नडनला निघणार, लेकाकडे. उरलेल्या दह्याची आज कढी करून टाकणार म्हणाल्या." तिने खिडकीबाहेर पाहिलं. "आणि तिन्हीसांजा झाल्या की त्या विरजण देत नाहीत. दिवा लावला की दही नाही, मीठ नाही, सुई नाही."

यतीनने फोन लावला. एंगेज. काकूंचे यजमान जगन्नाथकाका त्याच लाइनवर इंटरनेट लावून नागपूरचा पेपर वाचत असणार, आणि ते जाहिरातीही वाचत.

तो बूट चढवून निघाला. समोरचं घर म्हणजे एरवी हाक मारली तरी ऐकू जावं एवढ्या अंतरावर. आज मांडीपर्यंत बर्फ. मागून, त्याच्या पावलांच्या खड्ड्यांत पाय टाकत, खंड्या. त्याला बोलावलं नव्हतं, पण प्रकरणात त्याचाही हात होता.

पद्मजाकाकूंनी दार उघडलं तेव्हा आतून उदबत्तीचा वास आला. देवापुढे दिवा लागलेला. ओट्यावर दह्याचं भांडं, शेजारी बेसनाचा डबा.

"काकू, थांबा. एक चमचा विरजण हवंय."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "दिवा आत्ताच लावला रे," त्या म्हणाल्या, आणि भांड्यावर झाकण ठेवलं.

बड्या साहेबांना कोट्यवधींचे सर्व्हर घ्यायला लावणाऱ्या यतीनने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. "शैलजाच्या आईचं आहे ते," तो म्हणाला. "दुसरं कुठेच राहिलं नाही."

काकूंनी झाकणावरचा हात काढला नाही. मग भिंतीकडे बघून म्हणाल्या, "अहो, त्या दुसऱ्या घड्याळात किती वाजलेत?"

दुसरं घड्याळ भारताच्या वेळेवर होतं. भल्या पहाटे कोणा नातेवाइकाला फोन लावू नये म्हणून काकांनी ते टांगलं होतं.

"पहाटेचे चार," काका कॉम्प्युटरमधून मान वर न काढता म्हणाले.

"विरजण कुठलं?"

"नागपूरचं," यतीन म्हणाला.

"मग तिथे कुठल्या आल्यात तिन्हीसांजा?" काकूंनी झाकण काढलं.

"मला नाही कधी अशी सवलत मिळाली," काका म्हणाले.

"तुम्ही कधी बर्फातून आलात?"

वाटी जॅकेटच्या आत, छातीशी धरून यतीन परतला. शैलजाने वाटीत बोटाचं टोक बुडवलं, चाखलं, आणि दूध तापत ठेवलं. ते कोमट झाल्यावर तिने विचारलं, "काकूंनी दिवा लावला नव्हता अजून?"

"नागपुरात नव्हता लावला."

ती हसली. तिने विरजण एका पातेल्यात लावून ते ओव्हनमध्ये ठेवलं, आणि थोडं वेगळ्या डबीत काढून यतीनच्या हातात दिलं. "हे तू सांभाळ. तुझं कामच आहे ते."

त्याने डबी फ्रीजमध्ये अगदी मागे ठेवली आणि ओव्हनच्या बटणावर पॅकिंग टेप चिकटवली. पिझ्झा रुचाने तव्यावर भाजलेला खाल्ला आणि "वियर्ड, बट ओके" म्हणाली.

खंड्याला संध्याकाळची गोळी लोण्यातून देण्यात आली. त्याने लोणी खाल्लं, गोळी यतीनच्या चपलेत नेऊन ठेवली, आणि ओव्हनसमोर जाऊन बसला.