पुस्तकावरनं निवडलेला जावई

प्रभुलिंग माझा धाकटा भाऊ. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत त्याचं दुकान. अर्ध्यात भाड्यानं द्यायची पुस्तकं, अर्ध्यात व्हिडिओ कॅसेटी. पंच्याण्णव-शहाण्णव सालात तिथं नुसती झुंबड असायची, आणि ती मालासाठी न्हाई, अण्णासाठी. सगळी पेठ त्याला अण्णाच म्हणायची. नवऱ्याशी भांडून आलेल्या बाईला विनोदी पिक्चर द्यायचा. तालमीतल्या गड्याला भुताची कादंबरी देऊन म्हणायचा, "वाच, आन मग अंधारात एकटा परसाकडं जाऊन दाखव." कधी चुकायचा न्हाई. त्यामुळंच डोस्क्यात हवा गेली. "आक्का, माणूस काय वाचतोय ते सांग, मी त्याची कुंडली मांडतो," म्हणायचा.

शिरोळचा शशिधर दर सोमवारी बाजाराला आला की दुकानात यायचा. अण्णा देईल ती कादंबरी न्यायचा आणि परत देताना सांगायचा, "ती सासुरवाशीण विहिरीवर बसती न्हवं, तिथं डोळं भरून आलं बघा." झालं, अण्णा पाघळला. असं वाचणारा पोरगा बायकोला फुलासारखा जपणार म्हणाला, आणि आपली एकुलती एक लेक विद्याश्री त्याला द्यायला निघाला.

मी बोंबलून सांगितलं, "आरं मुडद्या, शिरोळात जाऊन चार घरं विचार. डेअरीवर विचार. पोरगी देताना आपल्यात घरातलं मडकं सुदीक वाजवून बघत्यात."

"तीन वर्षं पुस्तकं देऊन चौकशीच चाललीया की," म्हणाला आणि हसला.

लग्न झालं. नागपंचमीला पोरगी माहेरी आली ती गाल सुजवून. बापाला म्हणाली, "आप्पा, मारतोय त्यो."

आणि हा शहाणा काय म्हणतोय? "शशिधर? न्हाई गं. त्या सासुरवाशिणीसाठी रडलेला माणूस हाय त्यो. तुझंच कायतरी चुकलं आसंल." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी लई भांडले. पण पोरगी उठली आणि दुपारच्या एस.टी.नं परत गेली.

दोन वर्षांनी शशिधरची भावजय दवाखान्याला म्हणून कोल्हापुरात आली आणि दुकानात शिरली. "अण्णा, तुमची पुस्तकं मी वाचायची हो. भावजी नुसती ने-आण करायचं. परत देताना काय बोलायचं ते मीच पढवून धाडायची, म्हंजे तुम्ही पुढचं चांगलं द्यायचा. पोरीला घेऊन या आता. जीव जाईल तिचा."

अण्णा तसाच गाडी करून गेला. विद्याश्री आली, पण बापाचा उंबरा चढली न्हाई. सरळ दोन घरं पलीकडं माझ्याकडं आली. "मी तोंडानं सांगत हुते, आप्पा. तुम्ही पुस्तकाचं ऐकलं," एवढंच बोलली.

त्याला आता सात-आठ वर्षं झाली. कॅसेटी केबलनं खाल्ल्या, पुस्तकांवर धूळ बसली. तरी अण्णा दर सोमवारी एक पुस्तक निवडतो, पुसतो आणि माझ्या हातात देतो. "आक्का, हे तिला आवडंल." पोरगी शिलाई मशीनवरनं मान सुदीक वर करत न्हाई. पुस्तक फळीवर पडतं. पुढच्या सोमवारी मी ते तसंच परत नेते.

"आवडलं का गं तिला?" अण्णा विचारतो.

माझा राग अजून गेलेला न्हाई. पण त्याचं तोंड बघवत न्हाई हो, पाठचा भाऊ हाय. "लई आवडलं," मी सांगते, "शेवटाला तर डोळं पुसत हुती."

लगेच दुसरं हुडकायला उठतो, मुडदा.