मागे उभी राहणारी मार्लिस

ट्रेलर मागे घेताना नवऱ्याला इशारे करावेत ते मार्लिस तोलफसननेच, असं ड्राय वॉश पार्कात सगळे म्हणत. कोणी म्हटलं नाही, तर मार्लिस स्वतःच विषय काढी.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या युमा गावाबाहेर, ट्रेलर म्हणजे चाकांवरची घरं उभी करायच्या त्या रेताड पार्कात दोन तऱ्हेची माणसं. एक हिवाळ्यापुरती, ज्यांचं उत्तरेकडे बर्फात कुलूपबंद घर असतं. दुसरी कायमची, ज्यांनी घरदार विकून चाकांवर संसार थाटलाय. मार्लिस आणि तिचा नवरा व्हर्लिन कायमचे. मिनेसोटातलं घर विकून अकरा वर्षं झाली. नाताळला मुलगी फोनवरून अंगणातला बर्फ दाखवते आणि मार्लिस बिनबाह्यांचा सदरा घालून तो बघते.

पार्कातली करमणूक ठरलेली. नवीन ट्रेलर आला की शेजारी खुर्च्या बाहेर काढायचे. नवरा पुढे पिकअपमध्ये, बायको मागे हात हलवत, आणि पस्तीस फुटी धूड नळाचा खांब न पाडता जागेवर बसवायचं. चाळीस वर्षं सुखाने नांदलेली जोडपी त्या दहा मिनिटांत एकमेकांच्या सात पिढ्या काढतात. मार्लिस-व्हर्लिननेही पहिल्या वर्षी वायोमिंगमध्ये एक खांब आडवा केला होता आणि दोन दिवस अबोला धरला होता. तिसऱ्या दिवशी दोघं बसले आणि इशारे ठरवले. हात ज्या बाजूला फिरेल त्या बाजूला स्टिअरिंग. दोन तळव्यांमधलं अंतर म्हणजे उरलेली जागा. मांडीवर थाप म्हणजे "चुकलं रे बाबा, पुढे घे." आणि गाडी बरोबर बसली की दोन्ही हात डोक्यावर ठेवून एक गिरकी. ही गिरकी नियमात नव्हती. एकदा मार्लिसने सहज घेतली, आरशात बघून व्हर्लिन हसला, म्हणून ती राहिली.

यंदा डिसेंबरात शेजारच्या जागेवर नेल्डा आली. ओक्लाहोमाची, अडुसष्ट वर्षांची, ऑगस्टमध्ये नवरा गेलेला. ही जागा त्या नवऱ्याने, क्लिफनेच, वर्षभर आधी राखून ठेवली होती, दोन जानेवारीपर्यंत. दिराने ट्रेलर आणून लावला आणि तो विमानाने परत गेला. पुढे ट्रेलर कोण ओढणार, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

नाताळच्या आधीच्या रविवारी हॉलमध्ये सगळ्यांचं जेवण असतं, ज्याने त्याने आपला पदार्थ आणायचा. फर्न नावाची पंचाऐंशी वर्षांची म्हातारी दोन आठवडे आधी यादी लावते, आणि बटाट्याच्या हॉटडिशसमोर, म्हणजे भट्टीत भाजलेल्या त्या मिनेसोटाच्या पदार्थासमोर, मार्लिसशिवाय दुसऱ्या कोणाचं नाव लिहायची कोणाची टाप नसते. नेल्डाने पेकान पाय, अक्रोडासारख्या पेकानचं गोड पक्वान्न, आणला आणि नेमका हॉटडिशच्या शेजारी ठेवला. व्हर्लिनने त्याचे दोन तुकडे वाढून घेतले. मार्लिसने मोजले.

जेवणं होत आली तशी नेल्डा उभी राहिली. "मला कोणीतरी ट्रेलर ओढायला शिकवा. क्लिफनं मला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. दोन तारखेला मला इथून माझी मी निघायचंय."

सगळे ताटाकडे बघू लागले. व्हर्लिनचा हात वर गेला. त्याच्या तोंडात अजून तिचाच पेकान पाय होता.

"एवढा उत्साह?" घरी येताना मार्लिस म्हणाली.

"बाई एकटी आहे गं."

"मग? दुकटी करायची आहे का?"

व्हर्लिन हसला. मार्लिसच्या अंगाची लाही लाही झाली.

दुसऱ्या दिवसापासून पार्कामागच्या मोकळ्या मैदानात शिकवणी सुरू झाली. व्हर्लिन सकाळी दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालू लागला. त्याच्याकडे इस्त्रीचा शर्ट आहे हेच मार्लिस विसरली होती. ती खिडकीशी उभी राहून एकच कप पुन्हा पुन्हा धूत असे. नेल्डाने तीनदा चूक केली तरी व्हर्लिन चौथ्यांदा तेच शांतपणे सांगे. घरात चहाचा डबा जागेवर नसला तर आकाशपाताळ एक करणारा हा माणूस! नेल्डा खिदळली की तो आवाज मैदान ओलांडून थेट मार्लिसच्या कपापर्यंत येई.

"पोरगी चटकन शिकतेय," तो जेवताना म्हणाला.

"अडुसष्टची पोरगी," मार्लिस म्हणाली आणि मीठ त्याच्यापासून लांब सरकवलं.

फर्न येऊन काडी टाकून गेलीच. "काल त्याने तिच्या हातावर हात ठेवून गिअर दाखवला म्हणे. मी काही बघितलं नाही बाई, माझे डोळे कुठे चालतात!"

तीस तारखेला परीक्षा. नेल्डाने स्वतः ट्रेलर आपल्या जागेवर मागे घ्यायचा होता. खुर्च्यांच्या दोन रांगा लागल्या. मार्लिस मुद्दाम पहिल्या रांगेत बसली.

व्हर्लिन ट्रेलरमागे जाऊन उभा राहिला आणि त्याने हात गोल फिरवला. मग दोन तळवे जवळ आणले.  तिचे इशारे! वायोमिंगमध्ये दोन दिवसांच्या अबोल्यातून निघालेले, तिचे आणि त्याचे, आणि हा ते पायवालीला वाटत सुटला होता.

पण अकरा वर्षं हा माणूस पुढे बसून नुसता आरशातला हात बघत आला होता. मागे उभा तो कधी राहिलाच नव्हता. ट्रेलरचं बूड स्टिअरिंगच्या उलट बाजूला जातं. मागून बघताना व्हर्लिन ते साफ विसरला. बूड जिकडे जायला हवं तिकडे तो हात फिरवत राहिला, नेल्डा बिचारी आज्ञाधारकपणे तिकडेच स्टिअरिंग वळवत राहिली, आणि ट्रेलर भलतीकडे वळून शेजारी मार्लिसच्या दारातल्या टेबलावर चढला. टेबल मोडलं, नाताळच्या दिव्यांची माळ चाकाखाली गेली, आणि मार्लिसला इतका आनंद झाला की तिला तोंडावर रुमाल धरावा लागला.

नेल्डा खिडकीतून रडवेली होऊन म्हणाली, "त्यांनी सांगितलं तसंच मी केलं हो!"

"तू बरोबर केलंस. तो गाढव आहे," मार्लिस म्हणाली आणि उठली. "बाजूला हो, व्हर्लिन."

तिने मांडीवर थाप मारली. नेल्डाने गाडी पुढे घेतली. मार्लिसने हात फिरवला, तळवे जवळ आणले, आणि चार मिनिटांत ट्रेलर आखल्यासारखा जागेवर बसला. टाळ्या पडल्या. मार्लिसने गिरकी मात्र घेतली नाही.

त्या संध्याकाळी ती बोललीच. "ते इशारे माझे होते. तिला का दिलेस?"

"इशारे ते इशारे. त्यात तुझं-माझं काय?"

"दहा दिवसांत तिला सगळं शिकवलंस. मला अकरा वर्षांत एकदा तरी?"

"तू कधी म्हणालीस?"

"तू कधी विचारलंस?"

 त्याने मोडलेल्या टेबलाचे पाय जुळवायला घेतले.

दोन तारखेला नेल्डा निघाली. निरोप द्यायला मार्लिस पिकअपच्या खिडकीशी गेली. बाई नक्की जातेय ना, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

"तुला एक सांगू?" नेल्डा म्हणाली. "क्लिफ प्रवासातच गेला. दीर येईपर्यंत मी नऊ दिवस एका पेट्रोल पंपामागे ट्रेलरमध्ये बसून होते. किल्ली माझ्याच हातात होती गं. नऊ दिवस." मग तिने विचारलं, "तुला येतं ना चालवायला?"

"येतं की," मार्लिस म्हणाली.

नेल्डाने मान हलवली. पिकअप निघाला, मागे ट्रेलर. फाटकाशी वळण अरुंद होतं. तिने कोणाच्याही हाताकडे न बघता ते घेतलं आणि ती हमरस्त्याला लागली. मार्लिस बघत राहिली. दोन आठवडे तिला वाटत होतं की तिचा नवरा कोणी पळवतंय. आता बाई गेली, नवरा शेजारी उभा होता, तरी तिचा जळफळाट थांबला नव्हता. तिला हेवा वाटत होता तो त्या पुढच्या खुर्चीचा.

तिने व्हर्लिनपुढे हात धरला. "किल्ली."

"कुठे जायचंय? मी नेतो ना."

"किल्ली दे, व्हर्लिन."

त्याने दिली. ती दार उघडून आपल्या पिकअपमध्ये चढली आणि स्टिअरिंगमागे बसली. पाय खाली सोडले, तर ब्रेकपर्यंत पोचेनात.

"सीट पुढे कशी घ्यायची?" तिने विचारलं.

व्हर्लिन वाकला. सीटखाली चाचपलं, डाव्या बाजूला बघितलं, उजव्या बाजूला बघितलं, आणि गुडघ्यावर बसून खालून मार्लिसकडे पाहत राहिला. त्या सीटवर त्याच्याशिवाय कधी कोणी बसलंच नव्हतं; ती पुढे कशी घेतात, हे त्यालाही माहीत नव्हतं.