सगळ्यात खालचा आकडा

"अबे, कूलरचं तोंड त्याच्या डब्याकडं काहून केलं? इकडं आमची मशीन भाजून राह्यली, अन् तिकडं त्याच्या मशीनले काश्मीर!"

भाई ओरडत होता. त्याचा आवाज असा, की नेरच्या जिनिंगमधून, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यातून, निघून तो थेट उमरखेडच्या बसस्टँडवर पोचला आणि तिथल्या एका कंडक्टरने, कुणी प्रवासी मागे राहिला असं समजून, सुटलेली गाडी उभी केली. हे मला त्या कंडक्टरनेच पुढे सांगितलं, म्हणून मी सांगतो.

भाई म्हणजे माझा भागीदार. त्याच्या घरात घड्याळ, रेडिओ, मोटरपंप, जे बिघडेल ते दुरुस्त करायची रीत. त्याने कॉम्प्युटर जोडायला घेतले. जोडायचं त्याने, बोलायचं मी, अशी वाटणी. कापसाचे दिवस इतके वाईट, की कॉम्प्युटर सोडा, गावात कुणी घड्याळाचा सेलसुद्धा बदलत नव्हतं. लोक एकाच वेळेवर वर्ष काढत होते. दुकान बसलं तर भाईला बायको-पोरींना इथे ठेवून सुरतेला मेव्हण्याच्या कारखान्यात जावं लागणार होतं. तिकडचं नाव काढलं तरी तो ताटावरून उठायचा. अशात जिनिंगच्या शेठनी आपल्या नेर, यवतमाळ आणि उमरखेडच्या तिन्ही जिनिंगसाठी कॉम्प्युटर घ्यायचं काढलं. ऑर्डर मिळाली तर भाई राहणार, नाही तर जाणार. इतकं सरळ होतं ते.

समोर यवतमाळचा दुकानदार होता. टाय लावून आला होता, भर एप्रिलात. शेठचं म्हणणं असं, की दोन्ही मशीन माझ्या टेबलावर मांडा, जिचा वेग जास्त ती घेतो. वेग मोजायला तेव्हा टेस्टची सीडी मिळायची. ती मशीनकडून गणितं करून घ्यायची, चित्रं गरगर फिरवून घ्यायची आणि शेवटी पडद्यावर एक आकडा टाकायची. आकडा मोठा, तर मशीन तगडी.

पहिल्याच डावात टायवाल्याचा आकडा आमच्या जवळजवळ दुप्पट आला. माझी वाचा गेली. ही गोष्ट आमच्या तालुक्यात पूर्वी कधी घडलेली नव्हती. भाईने मात्र त्याची सीडी काढून उलटसुलट पाहिली.

"शेठजी, याची टेस्ट नवी हाये, आमची जुनी. नव्या टेस्टीत आकडे मोठेच येतेत. तुमी कापसाची एक बैलबंडी किलोत मोजसान अन् दुसरी मणात, तर कसं होईन?"

शेठना हे लगेच पटलं. "एकच सीडी दोघायले," ते म्हणाले.

मग तो कूलर. त्या काळी सूर्य राहायलाच यवतमाळ जिल्ह्यात होता, बाकी देशाला आम्ही तो उसना द्यायचो. मशीन तापली, की जळू नये म्हणून आपणच हळू चालते. म्हणजे कूलरचा वारा ज्याच्याकडे, आकडा त्याचा. भाईच्या ओरडण्याने कूलर मधोमध आला. त्यानंतर विजेची पाळी. दाब इतका कमी, की दिवा लागलाय का ते बघायला काडी ओढावी लागे. टायवाल्याची मशीन दोनदा मध्येच बंद पडली, शेवटी दोघांना एकाच स्टॅबिलायझरवर आणलं. राहिला अँटिव्हायरस. तो मागे फायली तपासत बसला, की टेस्टच्या वाट्याला अर्धीच मशीन येते. आमचा मी सकाळीच बंद करून ठेवला होता. टायवाल्याचा चालू होता, आणि त्याच्या धंद्यात नाक खुपसायचं मला काही कारण नव्हतं.

फेरी झाली आणि आम्ही पुढे. मी उठून शेठपुढे हात केला. शेठनी तो धरला नाही.

"वरचा कापूस सगळेच चांगला ठेवते," ते म्हणाले.

शेठची आयुष्यभराची रीत अशी, की बंडीवरचा कापूस बघायचाच नाही. कोपरापर्यंत हात आत घालायचा, तीन ठिकाणची मूठ काढायची आणि सगळ्यात हलकी निघेल तिचा भाव अख्ख्या बंडीला लावायचा. सरासरीचं नाव काढणाऱ्याला ते फाटक दाखवायचे.

"तीन डाव चालवा. ज्याचा सगळ्यात खालचा आकडा वर राहीन, त्याची मशीन घेतो."

दुसऱ्या डावात आमचा आकडा घसरला. तिसऱ्यात तो इतका खाली गेला, की पडद्यातून टेबलावर सांडतो की काय असं वाटलं. टायवाल्याचाही उतरला, पण थोडाच.

भाईने डबा पुढे ओढला आणि आत डोकावला. उकाड्यामुळे दुकानात आम्ही डब्याच्या बाजूचा पत्रा काढूनच मशीन चालवायचो. शेठवर छाप पडावी म्हणून ही मशीन दोन दिवस आधीच जिनिंगमध्ये आणून चालू ठेवली होती, आणि सवयीने तिचाही पत्रा काढलेला. टायवाल्याची त्या दिवशी सकाळी जीपमधून आली, चारी बाजूंनी बंद. जिनिंगच्या हवेत उडणारी सगळी रुई आमच्या पंख्याने ओढून घेतली होती. पंखा अडला, मशीन तापली, आकडा पडला. भाई चिमट्याने रुई उपसू लागला. मी म्हणतो एक गादी निघाली. भाई उशीच म्हणायचा.

"शेठजी, पंखा साफ केला. परत चालवतो," तो म्हणाला. उमरखेडपर्यंत जाणारा आवाज आता टेबलापलीकडेही जात नव्हता.

शेठनी चालवू दिलं. दोन्ही मशीन पुन्हा तीन-तीनदा पळाल्या. एका डावात आमची पुढे, एका डावात त्याची, एकात कोण ते सांगायला भिंग हवं होतं. आमच्याच दोन आकड्यांत जेवढं अंतर पडत होतं, तेवढं त्याच्या-आमच्यातही नव्हतं. भाई काय बोलणार ते मला कळलं. मी त्याच्या पायावर पाय ठेवला, तरी तो बोललाच.

"खरं सांगू का शेठजी, दोनी सारख्याच हायेत. या आकड्यानं काही ठरत नाही."

"ठरते ना," शेठ म्हणाले. "तुह्या मशीनचा सगळ्यात खालचा आकडा कोनता?"

"तो रुईतला हाये. तो धरू नका."

"मिस्त्री, माह्या जिनिंगात रुई रोजच राहीन. तू काय रोज चिमटा घेऊन येशीन?"

भाईने चिमटा खिशात ठेवला. माझ्यापाशी उत्तरं शंभर होती, त्यात कामाचं एकही नव्हतं. ऑर्डर टायवाल्याला गेली.

दिवाळीपर्यंत भाईने दुकान ओढलं. तोवर नवा हंगाम आला, पण बोंडं अळीने खाल्लेली. बंड्या आल्याच नाहीत. शेठनी तिन्ही जिनिंगची फाटकं लावली. ते नवे कॉम्प्युटर खोक्यांतून निघालेच नाहीत.

भाईला सुरतेच्या गाडीत बसवायला मी बडनेऱ्याला गेलो. त्याच्या मुली फलाटावर एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी खिडकीशी गेलो.

"भाई, काही म्हण, पंखा साफ होता तवा एका डावात आपलीच मशीन पुढं होती."

"जिनिंगात साफ राहत नाही," तो म्हणाला.